ड्रम तोच, हात तेच, तरी का अडतं? अध्ययन संक्रमणाचं एक वेगळं उदाहरण



डी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या पेपरात 'अध्ययन संक्रमण' हा मुद्दा आपण सगळ्यांनी पाठ केलाय. टीईटीची तयारी करणारे आजही करतात. आधी शिकलेलं नवीन शिकताना उपयोगी पडलं तर धन संक्रमण, आड आलं तर ऋण संक्रमण, आणि काहीच फरक पडला नाही तर शून्य संक्रमण. उदाहरणंही ठरलेली. सायकल येणाऱ्याला स्कूटर लवकर येते, हे धन. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणारा अमेरिकेत जाऊन गोंधळतो, हे ऋण. पोहता येण्याचा पाढ्यांना उपयोग नाही, हे शून्य. उत्तर लिहिलं, गुण मिळाले, विषय संपला.

पण वर्गात मात्र हे तिन्ही प्रकार असे वेगवेगळ्या खोक्यांत येत नाहीत. एकाच मुलात, एकाच तासात, एकाच हातात ते एकत्र असतात. हे दाखवणारं एक उदाहरण मला संगीतात सापडलं. रॉक बँडमध्ये ड्रम वाजवणारा वादक जेव्हा जॅझच्या बिग बँडमध्ये जाऊन बसतो, तेव्हा त्याचं काय होतं? वाद्य तेच. काठ्या त्याच. चार अवयव तेच. वीस-वीस वर्षांचा अनुभव. आणि तरी भलेभले अडतात. का अडतात ते नीट पाहिलं, तर आपल्या वर्गातल्या मुलांबद्दल बरंच कळतं. ज्यांची मुलं ड्रमच्या क्लासला जातात, त्यांना थेट उपयोगही होईल.

आधी बिग बँड म्हणजे काय ते सांगते. साधारण सतरा-अठरा जणांचा जॅझ वाद्यवृंद. पाच सॅक्सोफोन, चार ट्रॉम्बोन, चार-पाच ट्रम्पेट, आणि या सगळ्यांना लयीचा आधार देणारे चौघे: पियानो, गिटार, उभा मोठा डबल बेस आणि ड्रम. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकेत लोक याच संगीतावर नाचायचे. काउंट बेसी, ड्यूक एलिंग्टन, बेनी गुडमन ही त्यातली मोठी नावं. आपल्याला हे संगीत अगदीच परकं आहे असं समजू नका हं. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात तेव्हा जॅझ बँड वाजत होते, त्यांत गोव्याचे वादक होते, आणि त्यांच्यापैकी बरेच जण पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात आले. 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाची सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या चितळकरांची गाणी ऐका. चिक चॉकलेट या नावाने ओळखले जाणारे गोव्याचे ट्रम्पेटवादक त्यांच्या सोबत होते. त्या गाण्यांतल्या ट्रम्पेटच्या एकसाथ फेकी ऐकल्या की बिग बँडचा वास लगेच येतो.

रॉक बँड त्या मानाने लहान. गिटार, बेस गिटार, गायक, ड्रम. चार-पाच माणसं, सगळी विजेवर जोडलेली. हा 'विजेवर' शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रत्यक्ष कृती. वाचन थांबवा आणि टेबलावर हात ठेवा. तोंडाने सारख्या वेगात म्हणा: केळी, केळी, केळी, केळी. प्रत्येक 'केळी' म्हणजे एक मात्रा, आणि प्रत्येक अक्षराला उजव्या हाताने एक टिचकी. झाल्या आठ टिचक्या, सगळ्या सारख्या अंतरावर. ही रॉकची चाल. आता याच वेगात म्हणा: बटाटा, बटाटा, बटाटा, बटाटा. मात्रा तितक्याच, पण प्रत्येकीचे तीन भाग झाले. आता टिचकी अशी मारा: पहिल्या बटाट्याला फक्त 'ब'वर. दुसऱ्याला 'ब'वर आणि शेवटच्या 'टा'वर. तिसऱ्याला पुन्हा फक्त 'ब'वर. चौथ्याला 'ब' आणि शेवटचा 'टा'. जमलं? ऐकायला काहीसं असं येतं: टिंग, टिंग-क-टिंग, टिंग-क-टिंग. मधलं अंतर कधी लांब, कधी आखूड. ही जॅझमधली स्विंग चाल, आणि ती वाजते 'राइड' नावाच्या मोठ्या झांजेवर.

(मुलांकडून हे करून घेतलं तर अपूर्णांकांच्या तासालाही चालतं. एका मात्रेचे दोन भाग आणि तीन भाग, कानाने.)

आता यात एक गंमत आहे जी पुस्तकात लिहून दाखवता येत नाही. ही 'बटाटा' विभागणी ढोबळ आहे. गाणं संथ असेल तर शेवटचा 'टा' आणखी उशिरा, पुढच्या मात्रेला जवळजवळ चिकटून येतो. गाणं खूप जलद असेल तर अंतरं सारखी होत जातात आणि चाल 'केळी'कडे सरकते. नेमकी किती, ते त्या वेळी, त्या बँडमध्ये, शेजारचा बेसवादक कसा चालतोय त्यावर ठरतं. म्हणजे नियम शिकवता येतो, पण नियम पाळला की स्विंग येतो असं नाही. उच्चाराचे नियम शिकवून मुलाची कविता लयीत येत नाही, तसंच आहे हे. ऐकावं लागतं, भरपूर.

रॉक ड्रमरला हे जड जातं, पण ही त्याची मोठी अडचण नाही. नवं असल्यामुळे तो ते मन लावून शिकतो. खरी अडचण जुन्यात आहे.

रॉकच्या ठेक्याचा सांगाडा बघा. चार मात्रा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला उजव्या पायाने बेस ड्रम, म्हणजे आपले ड्रमर ज्याला सरळ 'किक' म्हणतात तो. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला डाव्या हाताने स्नेअर ड्रमवर कडक फटका. 'धप्, टाक्, धप्, टाक्.' गाणं कोणतंही असो, हा 'टाक्' म्हणजे रॉकचा कणा. रॉक ड्रमरच्या डाव्या हाताने आयुष्यात लाखो वेळा तो मारलेला असतो.

बिग बँडच्या स्विंगमध्येही दुसरी आणि चौथी मात्रा महत्त्वाचीच. फक्त ती हातात नसते. ती डाव्या पायात असते. पायाने मिटणाऱ्या दोन झांजा, ज्याला हाय-हॅट म्हणतात, त्या दुसऱ्या आणि चौथ्याला हळूच 'चिक्' करतात. तेच ज्ञान, त्याच दोन मात्रा, पण अवयव बदलला. आणि डावा हात? तो मोकळा. त्याने मध्येच काहीतरी हलकं बोलायचं, एकट्या सॅक्सोफोनला हुंकार द्यायचा, नाहीतर गप्प बसायचं.

हे 'गप्प बसायचं' फार अवघड आहे हो! ज्या हाताला वीस वर्षं सांगितलं की तूच कणा आहेस, त्याला सांगायचं की आता तुझी गरज पडेल तेव्हा बोलावू. लक्ष सुटलं की तो हात आपोआप 'टाक्' करतो, आणि सतरा जणांचं तरंगत चाललेलं संगीत धपकन जमिनीवर येतं.

आता उजवा पाय. जुन्या स्विंगमध्ये ड्रमर बेस ड्रम चारही मात्रांना वाजवत असे, पण इतका हळू की तो ऐकू येण्यापेक्षा जाणवावा. इंग्रजीत या वाजवण्याला पिसावरून नाव आहे, पिसाने स्पर्श करावा तसं. का? कारण खालच्या स्वरांची जागा डबल बेसची आहे. तो बोटांनी तार छेडून चारही मात्रांना चालत असतो, आणि त्याचा आवाज मुळात लहान. ड्रमरने रॉकसारखी किक मारली की बेस बुडाला. त्यात वाद्याचाही फरक आहे. रॉकचा बेस ड्रम आत उशी किंवा घोंगडी घालून दाबलेला असतो, 'धप्' होतो आणि संपतो. जॅझचा बेस ड्रम बराचसा मोकळा, थोडा वर चढवलेला, घुमणारा. सवयीच्या ताकदीने पाय पडला तर 'बूऽऽम' असा गुंजतो.

मला विचाराल तर सगळ्यात कठीण गोष्ट ही. जोरात वाजवायला ताकद लागते, पण सलग पाच मिनिटं पायाने चारही मात्रा सारख्या हळू वाजवायला जो ताबा लागतो तो निराळाच. आपल्या वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मुलाला सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजायला सांगून बघा, म्हणजे कळेल.

आता तो 'विजेवर' शब्द. रॉकच्या मोठ्या कार्यक्रमात प्रत्येक ड्रमसमोर माइक असतो आणि आवाज कमी-जास्त करायला वेगळा माणूस बसलेला असतो. ड्रमर रात्रभर एकाच ताकदीने वाजवू शकतो. बिग बँड घडला तो माइक अगदी मोजके असण्याच्या काळात. तेरा-चौदा पितळी आणि सॅक्सोफोनची वाद्यं एकदम गर्जतात, पुढच्याच क्षणी एकटा पियानो हळू बोलायला लागतो. त्या दोन्हींच्या मागे ड्रम आहेच. आवाज कमी-जास्त करणारा माणूस म्हणजे ड्रमरचं मनगट. बेसी यांच्या 'द अॅटॉमिक मिस्टर बेसी' या १९५७ साली मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रिकेत 'लिल डार्लिन' नावाची नील हेफ्टी यांची रचना आहे. इतकी संथ की मुंगी चालावी. ड्रमवर सनी पेन. रॉकवाल्यांना जलद रचनांची भीती वाटते, पण परीक्षा या असल्या रचनेत होते, कारण लपायला जागाच नाही.

यानंतरचा मुद्दा आपल्या शाळेच्या मैदानावरचा आहे. कवायतीत आपण हुकूम देतो: 'दाहिने… मूड!' पहिल्या शब्दाला कोणी वळत नाही. तो फक्त इशारा. पण तो नेमका दिला नाही, आवाज चाचरला, मधलं अंतर चुकलं, तर 'मूड'ला अर्धी रांग एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे. बिग बँडमध्ये ट्रम्पेट-ट्रॉम्बोनची एकसाथ फेक येते, बऱ्याचदा मात्रेवर न येता दोन मात्रांच्या मध्ये. ती सगळ्यांनी एकत्र मारावी म्हणून ड्रमरने आधी 'दाहिने' म्हणायचं असतं. कधी स्नेअरवर एकच ठोका, कधी तीन. बस्स. मग 'मूड' त्यांच्याबरोबर. आखूड स्वर असेल तर स्नेअरवर, लांब धरलेला असेल तर बेस ड्रम आणि झांज एकत्र, म्हणजे तोही घुमत राहतो.

रॉक ड्रमरला इशारा माहीत नाही असं नाही. त्याची सवय अशी की एका भागातून दुसऱ्या भागात जाताना पूर्ण आवर्तन भरून गडगडाट करायचा आणि पहिल्या मात्रेला मोठी झांज फोडायची. रॉकमध्ये ते शोभतं. बिग बँडमध्ये त्या गडगडाटात फेक कुठे आली हेच ट्रम्पेटवाल्यांना कळत नाही. शिवाय पहिल्या मात्रेला झांज फोडायची तर त्या मात्रेवर अनेकदा कोणीच वाजवत नसतं. एकटाच फुटतो! आणि फेक झाल्यावर लय जिथल्या तिथे पुढे चालू राहिली पाहिजे. 'मूड' म्हणून झाल्यावर आपण टाळ्या वाजवत उभे राहत नाही, तसंच.

आता शून्य संक्रमण. बहुतेक रॉक ड्रमर गाणी ऐकून, तालमीत वाजवून पाठ करतात. बिग बँडमध्ये समोर स्वरलिपीचा कागद असतो, त्याला चार्ट म्हणतात. ड्रमरच्या चार्टवर बऱ्याचदा नुसत्या तिरक्या रेघा असतात, म्हणजे 'लय चालू ठेव', आणि वर बारीक अक्षरांत पितळी वाद्यांच्या फेकी. कुठे परत मागे जायचं, कुठून उडी मारायची, कुठे बत्तीस आवर्तनं एकट्या सॅक्सोफोनची. हे वाचायला ताकद, वेग, कसरती यांतलं काही कामाला येत नाही. रॉकमध्ये चार-चार, आठ-आठ आवर्तनांचे भाग मनात मोजायची सवय असते, ती मात्र येते. म्हणजे शून्यातही थोडं धन मिसळलेलं आहे.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, बडी रिचला तर स्वरलिपी वाचता येत नव्हती! खरंय. बडी रिच (१९१७–१९८७) हा बिग बँडचा सगळ्यात गाजलेला ड्रमर. दोन वर्षांचा व्हायच्या आधीपासून आईवडिलांच्या खेळांत रंगमंचावर ड्रम वाजवणारा. नवी रचना आली की तो तालमीला दुसऱ्या ड्रमरला बसवायचा, स्वतः समोर बसून ऐकायचा, आणि मग येऊन वाजवायचा, सगळ्या फेकींसकट. १९६६ साली त्याने स्वतःचा बिग बँड काढला, त्यातली 'वेस्ट साइड स्टोरी'ची लांबलचक, गुंतागुंतीची रचना त्याने अशीच डोक्यात साठवली. पण पालकहो, 'त्याला तरी कुठे वाचता येत होतं' हे वाक्य मुलासमोर जपून वापरा. त्याचं न वाचणं कोणालाही घेता येईल. त्याचे कान कुठून आणायचे?

आता ज्या माणसामुळे मला हे सगळं लिहावंसं वाटलं, त्याच्याकडे येते. नील पिअर्ट. कॅनडाच्या 'रश' या रॉक बँडचा ड्रमर, जन्म १९५२, बँडमध्ये आला १९७४ साली. बँडसाठी गाणीही बहुतेक तोच लिहायचा. अवघड, आधीपासून नीट आखलेलं, काटेकोर वादन. चाहते त्याला 'प्रोफेसर' म्हणायचे. १९८३ मध्येच 'मॉडर्न ड्रमर' मासिकाच्या सन्मानयादीत त्याचं नाव आलं होतं. म्हणजे जगाच्या दृष्टीने शिकून झालेला माणूस.

१९९१ मध्ये न्यूयॉर्कला बडी रिचच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता. रिचच्या मुलीने, कॅथीने, पिअर्टला बोलावलं. रिचच्याच बिग बँडबरोबर वाजवायचं. त्याने तयारी केली, वाजवलं, टाळ्याही पडल्या. पण तो स्वतः समाधानी नव्हता. रंगमंचावर पितळी वाद्यं त्याला नीट ऐकू येत नव्हती, आणि वर सांगितलंच आहे की ती ऐकू आली नाहीत तर ड्रमरने इशारा द्यायचा कसा? कोणीही 'आवाजाची व्यवस्था वाईट होती' म्हणून विषय सोडून दिला असता. त्याने सोडला नाही. १९९४ मध्ये त्याने रिचच्या रचनांची एक ध्वनिमुद्रिका निर्माण केली, 'बर्निंग फॉर बडी'. एक बिग बँड, आणि प्रत्येक रचनेला वेगळा नामवंत ड्रमर. जॅझमधले मॅक्स रोच, जो मोरेलो, आणि रॉकमधले केनी अॅरोनॉफ, मॅट सोरम असेही. समोर बसून एकामागून एक सगळ्यांना ऐकायची संधी. मला तर हे सगळ्यात उत्तम प्रशिक्षण वाटतं.

त्यांत स्टीव्ह स्मिथ होता. 'जर्नी' या रॉक बँडमुळे प्रसिद्ध, पण मुळात जॅझ शिकलेला. (हाच स्मिथ पुढे आपली कोन्नकोल ही दाक्षिणात्य बोलांची पद्धत शिकला आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबरही वाजवला.) पिअर्टने त्याला आधी ऐकलेलं होतं. आता त्याचं वादन आणखी सहज, आणखी सुरेल झालेलं दिसलं. काय केलंस, असं विचारल्यावर उत्तर मिळालं: फ्रेडी. फ्रेडी ग्रुबर, बडी रिचचा जुना मित्र आणि ड्रमचा शिक्षक.

बेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, वीस वर्षं जगभर वाजवून झाल्यावर, पिअर्ट ग्रुबरकडे विद्यार्थी म्हणून गेला. आणि ग्रुबरने काय शिकवलं ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. त्याने स्विंगचे नमुने पाठ करून घेण्यावर भर दिला नाही. त्याचं लक्ष दोन ठोक्यांच्या मधल्या वेळावर होतं. काठी कातड्यावर आदळते तो क्षण सगळेच बघतात. पण आदळल्यावर ती वर कशी येते, हवेत कुठून वळते, पुढच्या ठोक्याकडे कशी जाते? पिअर्टच्या हालचाली सरळ, खाली-वर, ताकदीच्या होत्या. ग्रुबरने त्या गोल, वाहत्या करायला लावल्या. बसायची पद्धत, ड्रमची मांडणी बदलली. डाव्या हाताची पकडही बदलली.

पकडीबद्दल थोडं सांगायला हवं. रॉकमध्ये दोन्ही हातांत काठी सारखीच धरतात, तळवे खाली. जॅझच्या जुन्या पकडीत डावा तळवा वर असतो आणि काठी अंगठ्याच्या बेचक्यातून बोटांवर टेकते. ही पकड आली लष्करी पथकांतून. चालताना ड्रम पट्ट्याने खांद्यावरून लटकवलेला, एका बाजूला कललेला, त्यामुळे डावा हात ड्रमच्या काठावरून आत न्यायला तळवा वर करणंच सोयीचं. ड्रमर खुर्चीवर बसला, तिरका ड्रम गेला, पकड मात्र राहिली. (म्हणजे ती जास्त 'बरोबर' आहे असं मुळीच नाही. दोन्ही पकडींत उत्तम जॅझ वाजतं. मुलाच्या क्लासमध्ये एकच पकड पवित्र मानत असतील तर शांतपणे कारण विचारा.) पिअर्टला नवी पकड उपयोगी पडली ती माझ्या मते एका खास कारणाने. जुन्या पकडीत हाताला त्याचा जुना 'टाक्' आपोआप सापडायचा. नव्या पकडीत हात अनोळखी झाला, म्हणून ऐकायला लागला.

त्यानंतर साधारण दीड वर्ष तो रोज घरी सराव करत राहिला. त्याच काळाचा परिणाम 'टेस्ट फॉर एको' या रशच्या १९९६ च्या ध्वनिमुद्रिकेत आहे. त्या वेळी त्याने आपल्या बदललेल्या पद्धतीवर एक चित्रफीतही काढली. तिचं नाव 'अ वर्क इन प्रोग्रेस', म्हणजे काम चालू आहे. सन्मानयादीतल्या माणसाने स्वतःला दिलेलं शीर्षक आहे हे! आणि गोष्ट इथेही थांबत नाही. २००८ मध्ये रिचच्या स्मरणार्थ पुन्हा कार्यक्रम ठरला, तेव्हा तयारीसाठी तो पीटर अर्स्काइन यांच्याकडे शिकायला गेला. अर्स्काइन अठराव्या वर्षी, १९७२ साली, स्टॅन केन्टन यांच्या बिग बँडमध्ये लागलेले. पिअर्ट तेव्हा पंचावन्न-छप्पन वर्षांचा होता. म्हणजे १९९१ च्या त्या संध्याकाळचा हिशेब तो सतरा वर्षं मांडत होता. २०२० च्या जानेवारीत तो गेला.

रॉकमध्ये मात्र त्याने जुनी पकड टाकून दिली नाही. जिथे ताकद हवी तिथे तळवे खाली, जिथे हलकेपणा हवा तिथे डावा तळवा वर. मला हे फार आवडतं. जुनं पुसायचं नव्हतं, कुठे काय वापरायचं याची निवड हातात आली.

हे अवघड आहे म्हणून रॉक आणि जॅझ मुळातच वैरी आहेत असा समज मात्र नको. 'रोलिंग स्टोन्स'चे चार्ली वॉट्स (१९४१–२०२१) आयुष्यभर जॅझवेडे होते, पकडही तीच जुनी. १९६३ पासून रॉकमध्ये, पण त्याआधीच त्यांनी चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकावर मुलांच्या पुस्तकासारखं एक चित्रपुस्तक काढलं होतं, त्यात पार्कर म्हणजे एक पक्षी! १९८० च्या दशकात त्यांनी स्वतःचा तीसहून अधिक वादकांचा जॅझ वाद्यवृंद उभा केला. त्यांच्या पिढीतले बरेच रॉक ड्रमर जॅझ ऐकत वाढलेले, त्यामुळे त्यांना ही भिंत फारशी लागली नाही. भिंत उभी राहिली ती त्यानंतरच्या, फक्त रॉक ऐकून वाढलेल्या मुलांपुढे. फरक प्रतिभेचा नव्हता, घरी काय वाजत होतं याचा होता.

आता आपल्या वर्गात या. मराठीत आपण 'अठ्ठावीस' म्हणताना आठ आधी म्हणतो, वीस नंतर. सेमी इंग्रजीला गेलेलं मूल 'ट्वेंटी एट' ऐकतं तेव्हा वीस आधी येतात. दुसरीतलं हुशार मूल, ज्याला मराठीत शंभरपर्यंत अंक चोख येतात, ते इंग्रजीतून सांगितलेली संख्या उलटी लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी संख्यानामं आली, त्यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवतंय ना? त्या वादात मी इथे पडत नाही. पण त्या मुलाला 'लक्ष नाही तुझं' म्हणणारे आपण बघत नाही की त्याचं लक्ष आहे, पण डावा हात जुना 'टाक्' मारतोय. ज्याला मराठी अंक येतच नव्हते, त्याची ही चूक होतही नाही. वर्गात चुका तपासताना म्हणूनच मी आता दोन खुणा वेगळ्या करते. मुलाला माहीत नाही म्हणून झालेली चूक एकीकडे, आणि दुसरं काहीतरी पक्कं माहीत आहे म्हणून झालेली चूक दुसरीकडे. दुसऱ्या प्रकाराला जास्त सराव देऊन भागत नाही. सराव तर त्याचा आधीच झालाय! तिथे ग्रुबरसारखं खाली उतरून, हालचाल सुरू कुठून होते तेच बघावं लागतं. संख्या लिहायच्या आधी काड्यांचे गठ्ठे मांडायला लावले की हात अनोळखी होतो आणि मूल ऐकायला लागतं.

ज्यांना ऐकायचं आहे त्यांच्यासाठी: आधी बेसी यांची 'लिल डार्लिन', मग रिचची 'वेस्ट साइड स्टोरी', आणि मग थॅड जोन्स आणि मेल लुईस यांचा बँड, जो १९६६ पासून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये दर सोमवारी वाजायचा. मेल लुईस रिचच्या अगदी उलट, कुठेही पुढे न येता सगळ्यांना धरून ठेवणारा. ऐकताना पहिल्या वेळी फक्त राइड झांजेकडे कान द्या. दुसऱ्या वेळी दुसऱ्या-चौथ्या मात्रेला 'चिक्' शोधा. तिसऱ्या वेळी बेस ड्रम शोधा. तो सापडला नाही, पण काढून घेतला तर काहीतरी कमी होईल असं वाटलं, तर तो बरोबर वाजतोय.